खिडकीतलं उत्तर

डॉक्टर, तुम्ही गेल्याला आता इतकी वर्षं झाली की दवाखान्याच्या जागी आधी झेरॉक्सचं दुकान आलं, ते गेलं, आणि आता तिथं मोबाइलच्या काचा बदलून देतात. आपली औषधं द्यायची खिडकी मात्र त्यांनी बुजवलेली नाही. तिच्यातूनच गिऱ्हाइकाच्या हातात मोबाइल देतात. मी भाजीला जाताना मुद्दाम त्या बोळातून जायचो आणि खिडकीसमोर आलं की हात आपोआप छातीपर्यंत यायचा, देवळासमोर येतो तसा. गेले आठ-दहा दिवस मी लांबच्या रस्त्यानं जातो. का, ते सांगायला बसलोय. मी सातवी शिकलेला माणूस. लिहायची सवय म्हणाल तर बाटलीवर 'हलवून घेणे' लिहिण्यापुरती. तेही चुकलं की तुम्ही लाल पेनानं गोल करून बाटली परत माझ्यापुढं ठेवायचा. ते आठवून अजून प्रत्येक ओळीला हात अडतो. अडू दे. आज तुम्ही गोल करायला नाही.

सुरुवात माझ्याच छातीपासून झाली. सकाळी दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होतो. अर्ध्या जिन्यात छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ टेकवून दाबल्यासारखं झालं. मी मुळात घाबरा, हे तुम्हाला माहीत आहे. गॅस बंद केला का ते पुन्हा पुन्हा बघणारा, कडी लावून परत ओढून बघणारा. स्वतःची नाडी बघायची खोड तुमच्याकडंच लागली, ती आता दिवसभर चालते. खालच्या मजल्यावरचा रिक्षावाला अंगणात रिक्षा पुसत होता. त्याला म्हटलं, "जरा बसतो रं हितं, दम लागलाय." त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हातातलं फडकं टाकलं. "दम कसला आप्पा, घामानं भिजलायसा. चला, बसा रिक्षात. आणि ती पिशवी द्या हिकडं, मिठी मारून बसू नका तिला." इस्पितळात पोचेपर्यंत तो रस्त्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याला शिव्या देत होता आणि मी मनगट धरून ठोके मोजत होतो. ठोके चुकतायत का मोजणं चुकतंय, ते काही कळत नव्हतं.

मोठ्या इस्पितळातली आताची कॅज्युअल्टी तुम्ही बघितली नाही. पडदे ओढून केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक खाट, एक माणूस आणि त्याच्या उशाशी घरचं कुणीतरी. माझ्या उशाशी रिक्षावाला होता आणि त्याच्या मांडीवर दुधाची पिशवी. डॉक्टरीणबाई अगदी तरुण, नातीच्या वयाची. तिनं कार्डिओग्राम काढला, त्यात ठळक असं काही नव्हतं. मग रक्त घेतलं. "दुखायला नेमकं कधी लागलं?" हे तिनं मला विचारलं, मग रिक्षावाल्याला विचारलं, मग परत मला. मला वाटलं बाईला कमी ऐकू येतंय. नंतर कळलं की त्या रक्ताचा अर्थच त्या वेळेवरून लावायचा असतो. दुखायला लागल्या लागल्या घेतलेलं रक्त वेगळं बोलतं, उशिरा घेतलेलं वेगळं. रिपोर्ट आल्यावर ती माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसली. उभ्यानं बोलली नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

"आजोबा, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातला एक पदार्थ रक्तात उतरतो. ट्रोपोनिन म्हणतात त्याला. तुमच्या रक्तात तो रेषेच्या जरासा वर आहे."

"म्हंजे अटॅक आला."

"तसं मी म्हणत नाही. तुमचं वय झालंय, किडन्या थोड्या थकलेल्या दिसतात. अशा माणसांत तो वर्षानुवर्षं असाच थोडा चढलेला असू शकतो."

"म्हंजे न्हाय आला."

"तसंही म्हणत नाही."

"मग म्हणताय तरी काय बाई तुम्ही? हाय का न्हाय, येवढंच सांगा की."

रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, ह्यांला काय तरी एक सांगून टाका, न्हायतर हे काळजीनंच जातील." ती हसली नाही. माझ्याकडंच बघत म्हणाली, "मला अजून माहीत नाही, आजोबा. एका आकड्यावरून मी सांगणार नाही. दोन-तीन तासांनी परत रक्त घेऊ. आकडा चढत गेला तर आत आत्ता काहीतरी चाललंय. जिथल्या तिथं राहिला तर हे जुनं आहे. तोवर तुम्ही इथं पडून राहायचं. मीही इथंच आहे."

डॉक्टर, मी तुमच्या हाताखाली उभं आयुष्य काढलं. डॉक्टरच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे शब्द मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकले. आधी घाबरलो. मग त्या बाईचा राग आला. आणि मग वरच्या पंख्याकडं बघत पडल्या पडल्या तुमचा आवाज ऐकू यायला लागला.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. शिरोळकडची एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आली होती. तुम्ही तपासलंत, औषध लिहिलंत, आणि आत मला पुटपुटल्यासारखं म्हणालात की हा ताप कशाचा ते अजून नीट समजत नाही, दोन दिवस बघू. मी खिडकीतून बाटली देताना त्या बाईला तेच सांगितलं, की डॉक्टरांना अजून समजलेलं नाही. तिच्या तोंडावरचा रंग उडाला. पेशंट संपल्यावर तुम्ही मला आत बोलावलंत. तुम्ही कधी ओरडायचा नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवलात की मला कळायचं. म्हणालात, "ती बाई एसटीनं इतक्या लांबून आली. तू तिला 'माहीत नाही' देऊन पाठवलंस. ते घेऊन ती घरी जाईल असं वाटतं तुला? ती देवऋष्याकडं जाईल. लक्षात ठेव, या खिडकीतून 'माहीत नाही' बाहेर जाता कामा नये. शंका असली तर ती आत राहील, माझ्यापाशी. बाहेर जाताना उत्तर एकच." मी विचारलं, "आणि शंका खरी निघाली तर?" तुम्ही चष्मा परत घातलात. "तर ती माझी."

हे मला तेव्हा फार मोठं वाटलं. एक माणूस सगळ्या गावाच्या शंका एकटा पोटात घालून बसतो आणि लोकांना नुसता धीर वाटतो, असं काहीतरी. मी ते अंगी बाणवलं. गोळ्यांच्या पुड्या बांधता बांधता, मिक्स्चरच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवता चिकटवता मान वर न करता म्हणायचं, "काय न्हाय. जावा घरी. गार पाण्यानं आंघोळ करू नका." मान वर करायची नाही, ही त्यातली खुबी होती. मान वर करून सांगितलं की माणसाला वाटतं आपल्याला समजावतायत. लोकांना ते इतकं आवडायचं की कागलचा एक म्हातारा दरवेळी म्हणायचा, "कंपौंडर, औषध नसलं तरी चालंल, तुमचं ते 'काय न्हाय' तेवढं द्या." तुम्ही आतून हसायचा. पुढं माझी कंबर धरायला लागली तेव्हा तुम्ही सुताराकडून मापानं उंच स्टूल करून घेतलंत. खिडकीच्या उंचीचं, पाय टेकायला खाली आडवी पट्टी, बसायला रेक्झिनची गादी. "आता बसून सांग तुझं 'काय न्हाय'," म्हणालात. मला आयुष्यात कुणी मापानं काही करून दिलं नव्हतं, लग्नाचा सदरासुद्धा थोरल्या भावाचा होता. ते स्टूल दवाखाना बंद झाल्यावर मी घरी आणलं. आता स्वयंपाकघरात ओट्यापाशी असतं.

घरात माझ्या त्या 'काय न्हाय'ची चेष्टा चालायची. मी काही सांगितलं की ही विचारायची, "हे खिडकीतलं सांगताय का खरं?" भाजी कशी झाली, पगार वेळेवर होणार का, पोरीच्या शाळेतल्या बाई काय म्हणाल्या, कशालाही. पोरगी लहानपणापासून आईचं ऐकून तेच म्हणायला लागली. दोघी एका सुरात विचारायच्या आणि मी चिडलो की हसून लोळायच्या.

तो दिवस चटणीचा होता. तुम्हाला आठवत असेल, उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायच्या दिवसांत आपल्याकडं निम्मे पेशंट खोकणारे असायचे. घराघरांत मिरच्या भाजलेल्या, खोबरं, तीळ, कांदा-लसूण तळून ठेवलेला, आणि मिरच्या कुटायच्या डंकावर बायकांची रांग. ही सकाळपासून डंकावर होती. तिथं तिला कसंतरी व्हायला लागलं. छातीत जळजळ, जबडा आवळल्यासारखा, अंगाला घाम, उमासे. शेजारीण तिला रिक्षातून दवाखान्यात घेऊन आली, दोघींच्या पदरांना मिरचीची पूड लागलेली. हिला स्वतःपेक्षा डब्याची काळजी. "चटणीचा डबा तिथंच ऱ्हायलाय. मी जातो की घरी, मला काय झालं नाही. बाकीच्या बायका बी खोकत्यात." तुम्ही तिला आत झोपवलंत. कार्डिओग्राम काढलात. म्हणालात, "वहिनी, मिरचीची पूड नाकातोंडातून पोटात गेलीय." पण तरीसुद्धा तुम्ही रक्त घ्यायला लावलंत, आणि माझ्याच हातून ती नळी शेजारच्या लॅबमध्ये पाठवलीत. ते मी तेव्हा तुमचा चांगुलपणा समजलो. आपली माणसं म्हणून डॉक्टर जास्तीची तपासणी करतायत.

थोड्या वेळानं लॅबवाला स्वतः आला आणि आत गेला. दार लोटलेलं होतं. मी खिडकीवर होतो, बाहेर रांग होती. तो गेल्यावर तुम्ही बाहेर येऊन माझ्या स्टुलाशी उभे राहिलात. माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि बाहेरच्या रांगेकडं बघत म्हणालात, "काही नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे. घेऊन जा घरी, ताक दे, झोपू दे." मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तुम्ही सबंध दिवस घे म्हणालात. रिक्षात मी हिला सांगितलं, "काय न्हाय. नॉर्मल हाय." तिनं डोळे मिटूनच विचारलं, "खिडकीतलं सांगताय का खरं?" आणि मी म्हटलं, "खिडकीतलं न्हाय गं. खरं सांगतोय." खरंच सांगत होतो मी. मला जे माहीत होतं ते सगळं मी तिला दिलं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गेली.

घाटावर तुम्ही आलात. बूट काढून, पँट वर दुमडून पंचगंगेच्या कडेला उभे राहिलात. तुम्ही रडलात, ते सगळ्यांनी बघितलं. माझ्या पोरीला जवळ घेऊन म्हणालात, "झटका फार मोठा होता, बाळ. कुणाच्याच हातात नव्हतं." आमच्या भावकीत ते किती दिवस सांगत होते, की एवढा मोठा डॉक्टर कंपाउंडरच्या बायकोसाठी रडला. तेरावं झालं आणि मी परत खिडकीवर आलो. कुठं जाणार होतो. पुढं तुम्ही थकलात, दवाखाना बंद झाला, तरी मी रोज संध्याकाळी तुमच्या घरी यायचो, पाय चेपून द्यायचो, पेपर वाचून दाखवायचो. शेवटच्या आजारात एकदा तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, "वहिनींचा विचार येतो रे अधूनमधून." मला वाटलं, किती ही माया. मी तुमच्या पायांवरची शाल सारखी केली आणि म्हटलं, "साहेब, तुमी कशाला मनाला लावून घेताय. तुमी सगळं केलासा. तिचं तेवढंच होतं." तुम्ही डोळे मिटलेत. त्या क्षणी तुमच्याकडं वेळ होता, डॉक्टर. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी समोर होतो. आणि मी तुमचं सांत्वन करत होतो.

कॅज्युअल्टीत दुसऱ्यांदा रक्त घेतलं. आकडा जिथल्या तिथं होता, जवळजवळ तेवढाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज अटॅक नाही असं दिसतंय, पण आकडा उगाच वर राहत नाही, आणि जिना चढताना दुखतं हेही चांगलं नाही. तिनं मोठ्या डॉक्टरांशी बोलून मला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि निघताना सांगितलं की हृदयाच्या नळ्या तपासायला हव्यात, फार दिवस लावू नका, वार लिहून देते, घरच्यांना घेऊन या, त्यांच्याशीही मला बोलायचंय. मी तिला हिची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे, पडून पडून तोंड सैल झालं होतं. तिनं विचारलं, "दुखायला लागल्यावर किती वेळानं रक्त घेतलं होतं?" मी म्हटलं, लगेचच, डंकावरून थेट आणली होती. "आणि एकदाच घेतलं?" एकदाच. मी म्हटलं, "बाई, रिपोर्ट नॉर्मलच होता." ती म्हणाली, "इतक्या लवकर घेतलेला नॉर्मल आला तरी तो शेवटचा धरत नाहीत, आजोबा. परत बघतात." मी विचारलं, दुसऱ्यांदा घेतलं असतं तर ती वाचली असती का. "ते मला आज सांगता येणार नाही," ती म्हणाली. "कुणालाच येणार नाही. पण मी असते तर थांबवून घेतलं असतं."

मी तेव्हाही तुमचीच बाजू घेतली. म्हटलं त्या काळी एवढं कुठं होतं. पाच-सहा दिवसांनी आपला लॅबवाला मला बघायला आला. तो आता माझ्याहून वाकलाय, मोतीबिंदू झालेत, पण बोलणं तसंच. खाली रिक्षावाल्याशी कुठल्या पार्टीवरून वाद घालून वर आला. मी चहा केला. दोनदा रक्त घेतल्याचं सांगितलं. तो बशीत चहा ओतत सहज म्हणाला, "हे आता आकड्यात येतंय, बरं हाय. आपल्या टायमाला कार्डं होती. रक्ताचे दोन थेंब टाकायचे, रेघ उठली की हाय, न्हाय उठली की न्हाय. तुझ्या मंडळीच्या येळला कसली फिकट रेघ उठलीती, आठवतंय न्हवं. मी उजेडात धरून बघतोय, चष्मा पुसून बघतोय. हाय म्हटलं तर हाय, न्हाय म्हटलं तर न्हाय."

मी म्हटलं, "रेघ न्हवती. नॉर्मल हुतं."

"आरं फिकट हुती की. म्हणून तर मी सवता आलोतो आत. डॉक्टरला म्हटलं, मला बी खात्री न्हाय, ही कार्डं कवा कवा उगाच फिकट रेघ दावत्यात. पर संध्याकाळी आणि एक नळी पाठवा, बघू गडद हुतीय का. तर म्हणाले, आमच्याच माणसाची बायको हाय, तो लई घाबरा हाय, त्याला कुठं दिवसभर टांगून ठिवू. चटणीचं हाय ते." मग त्यानं बशी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. "तुला म्हाईत न्हाय व्हय रं? मला वाटलं तुला सांगितलं आसंल. तू तर तिथंच हुतास की, दाराच्या भायेर."

तो फार वेळ बसला नाही. जाताना दारात म्हणाला, "माझ्यावर राग धरू नगं." त्याच्यावर नाही धरला. त्याला माहीत नव्हतं आणि त्यानं तसं सांगितलं होतं.

त्या दिवसापासून मी तुमच्याशी भांडतोय. भाजी चिरताना, आंघोळ करताना. तुम्ही समोर असता तर मला बोलता आलं नसतं, मी 'साहेब' म्हणून खाली बघितलं असतं. म्हणून लिहितोय. रेघ फिकट होती याचा राग नाही. तुम्हाला कळलं नाही याचाही नाही. चटणीच्या दिवसांत सगळ्या गावाची छाती जळते, तुम्हाला ती चटणीच वाटली असेल. ती वाचली असती असंही मी म्हणत नाही, ते त्या शिकलेल्या पोरीलाही सांगता येत नाही तर मला काय सांगता येणार. पण मी कुठं उभा होतो, डॉक्टर? शिरोळहून आलेल्या त्या बाईसारखा मी खिडकीबाहेर होतो का? शंका आत राहील म्हणाला होतात. मी आतच होतो. तुमच्यासाठी वर्षानुवर्षं त्या खिडकीतून मीच सांगत होतो सगळ्यांना काय न्हाय, काय न्हाय, कारण मला वाटायचं की आपल्याला तरी आतलं माहीत आहे. आणि माझ्या बायकोच्या वेळी तुम्ही बाहेर आलात, माझ्याच स्टुलाशी उभे राहिलात, आणि माझ्याकडं न बघता मला तेच 'काही नाही' दिलंत. मीच तयार केलेलं, मीच पुडीत बांधावं तसं. घाबरा आहे म्हणून. घाबरा होतोच मी. घाबरा माणूस तिला घरी नेऊन ताक देऊन झोपवून स्वतः निवांत झोपला नसता. तो तिच्या उशाशी बसला असता, मनगट धरून. जरा जरी काही वेगळं वाटलं असतं तरी तिला उचलून पळत सुटला असता. घाबरण्याचाच तर उपयोग होता त्या दिवशी. माझ्या अंगात आयुष्यभर तेवढीच एक गोष्ट भरपूर होती, आणि जिथं ती लागणार होती तिथं तुम्ही ती काढून घेतलीत. मी त्या रात्री गाढ झोपलो, डॉक्टर. तुमच्या शब्दावर.

'तर ती माझी' म्हणाला होतात. मग घाटावर 'कुणाच्याच हातात नव्हतं' असं का म्हणालात? कुणाच्याच म्हणजे तुमच्याही नाही, असं ते झालं. तिथं तुम्ही ती शंका टाकून दिलीत पाण्यात, आणि मी तुमचे बूट हातात घेऊन उभा होतो.

आता पोरीचं सांगतो. ती इचलकरंजीला दिलीय, तिथं एका शाळेत शिकवते. मी इस्पितळात होतो हे तिला रिक्षावाल्याकडून कळलं, आणि रविवारी ती धावत आली. येताना फळं, बिनमिठाची चटणी, रक्तदाब बघायचं यंत्र. आल्या आल्या जिन्यात रिक्षावाल्याला म्हणाली, "काका, तुमी लगेच फोन करायचा न्हाय व्हय मला?" तो म्हणाला, "आप्पांनी शपथ घातलीती, बाई. तुमच्या बापापुढं कुणाचं चालतंय." वर येऊन तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. मी ओट्यापाशी लसूण सोलत बसलो होतो. "आप्पा, डॉक्टर काय म्हणाले? नीट सांगा." मी सोललेली पाकळी वाटीत टाकली, दुसरी घेतली. म्हटलं, "काय न्हाय. ॲसिडिटी हुती. रक्त दोनदा तपासलं, दोन्ही येळला सारखंच आलं." तेवढं तर खरंच होतं. ती माझ्याकडं बघत उभी राहिली. आईसारखीच उभी राहते, कमरेवर एक हात. मग म्हणाली, "हे खिडकीतलं सांगताय का खरं?"

तिच्या नवऱ्याची नोकरी सध्या डळमळीत आहे, धाकट्याची दहावी आहे, तिला कशाला आता. हे सगळं माझ्या मनात एका झटक्यात येऊन गेलं, आणि प्रत्येक कारण तुमच्या आवाजात होतं. "खरं सांगतोय," मी म्हटलं. तिनं सुस्कारा सोडला आणि फळं धुवायला घेतली. तिच्या तोंडावरचा तो ताण उतरलेला बघून मला किती बरं वाटलं. तुम्हालाही तसंच वाटलं असणार, त्या दिवशी. ते कळलं म्हणून राग कमी झालेला नाही, उलट जास्तच झालाय. कारण ते सांगणं इतकं सोपं होतं.

ती गेल्यावर लक्षात आलं की मी मान वर केलीच नव्हती, आणि मी तुमच्या स्टुलावर बसलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी दिलेला वार उद्याचा आहे. घरच्यांना घेऊन या म्हणाल्यात. हे पत्र टाकायचं म्हटलं तरी टाकणार कुठं, त्या खिडकीत टाकलं तर ते मला मोबाइलची काच विचारतील. घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवीन. फोन इथंच समोर ओट्यावर आहे. लिहून झालं की पोरीला फोन लावायचा, असं मी सकाळी ठरवलं होतं. म्हणूनच, डॉक्टर, हे एवढं लांबलंय.